डीसी किती ठेवू हे नंतर, आधी रोल मागायचाच का ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही नवीन जीएम, म्हणजे गेम चालवणारे गेम मास्टर, आहात, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) ह्या रोलप्लेइंग गेमची, ज्यात प्रत्येक प्लेयर एक कॅरेक्टर खेळतो, पाचवी एडिशन चालवताय, आणि स्किल चेक, म्हणजे कॅरेक्टरला एखादं काम जमलं का हे वीस बाजूंच्या डाइसवर ठरवायचे रोल, आले की गेम घसरतो. प्लेयर दर दोन मिनिटांनी "परसेप्शन टाकू का?" (म्हणजे आजूबाजूचं काही नजरेत येतं का, त्याचा रोल) विचारतात, एक जण फेल झाला की बाकीचे तिघं लगेच "मी पण बघतो" म्हणत डाइस उचलतात, चोरपावलांनी कुठे जायचं म्हटलं की हमखास पकडले जातात, आणि मागच्या वेळी एका कुलपापुढे अख्खं सेशन अडकलं कारण पुढची सगळी गोष्ट त्या दाराच्या आत होती. आणि शेवटी विचारलंय की डीसी, म्हणजे पास व्हायला रोलमध्ये लागणारा आकडा, कसे ठरवायचे, काही तक्ता आहे का.

तक्ता आहे, खाली देतो, पण खरं सांगायचं तर तुमचा प्रॉब्लेम डीसीचा नाहीये. हे जे चार त्रास सांगितलेत त्यातला एकही डीसी दोनने वर-खाली करून सुटणार नाही. तुम्ही किती वेळा रोल मागता आणि किती जणांकडून मागता ह्याने चान्स इतका बदलतो की डीसी १५ ठेवला काय आणि १६ ठेवला काय, टेबलवर कोणाला कळतही नाही. गंमत म्हणजे सगळे जीएम डीसीवर डोकं खाजवत बसतात आणि रोल मात्र न मोजता मागतात.

कुलपापासूनच सुरू करू. चोर कॅरेक्टर आहे, त्याच्याकडे कुलूप उघडायची अवजारं आहेत, आजूबाजूला कोणी नाही, घाई नाही. रोल टाकला, ९ आले, तुम्ही म्हणालात "नाही उघडलं". तो म्हणतो "परत ट्राय करतो". आता काय करणार? नाही म्हणायला तुमच्याकडे कारण नाही, कारण खरंच त्याला कोणी अडवत नाहीये, आणि हो म्हणालात तर तो मोठा आकडा येईपर्यंत टाकत बसणार आणि बाकीचे मोबाइल बघणार. म्हणून रोल मागायच्या आधी मनाशी एवढंच विचारायचं, हा फेल झाला तर काय होईल? उत्तर "काही नाही, परत ट्राय करेल" असं आलं तर रोल नकोच, कुलूप उघडलं, पुढे चला. आणि उत्तर "काही नाही, आणि सगळे इथेच अडकतील" असं आलं तर रोल अजिबातच नको.

ह्यात नवीन काही नाही बरं का. २००० सालच्या तिसऱ्या एडिशनमध्ये टेक ट्वेंटी नावाचा नियम होता, म्हणजे फेल झाल्याने काही बिघडणार नसेल तर वीसपट वेळ घ्या आणि २० आले असं धरा, डाइसला हात लावू नका. पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये पण आहे, दहापट वेळ दिला तर काम झालं असं धरा, अर्थात जे मुळात जमण्यासारखं आहे तेच. ते एका कोपऱ्यात छापलंय म्हणून सहसा कोणाच्या नजरेत येत नाही.

आता तेच कुलूप घ्या आणि बाहेरच्या बोळात एक पहारेकरी घाला जो फेरी मारून परत येतोय. आता फेलला अर्थ आला. आणि हे मनात ठेवू नका, रोल मागतानाच तोंडाने बोला: "कुलूप तू उघडशीलच, तुझा हात बसलाय त्यात, प्रश्न एवढाच की पहारेकरी वळणावर यायच्या आधी उघडतं की तो आल्यावर. १५ लागतील." एवढं म्हटलं की टेबलवरचं वातावरणच बदलतं, जे मोबाइल बघत होते ते पण डाइसकडे बघायला लागतात, कारण आता त्या डाइसवर काहीतरी ठरणार आहे. आणि ९ आले तरी दार उघडतंच, फक्त आता दारात तुम्ही आणि समोर कंदील घेतलेला माणूस. सेशन अडकलं नाही. तुमचा चौथा त्रास इथेच मिटला.

ह्याला फेल फॉरवर्ड म्हणतात आणि त्याबद्दल एक गैरसमज आहे तो आधी काढतो. बरेच जण समजतात की फेल फॉरवर्ड म्हणजे फेल झालं तरी पास करायचं, मग रोल कशाला. तसं नाही. जे हवं होतं ते मिळेलच असं नाही, पण फेल झाल्यावर परिस्थिती होती तिथेच राहता कामा नये, ती हलली पाहिजे. कधी दार उघडतं पण आवाज होतो, कधी दार उघडतच नाही आणि आतून कोणीतरी "कोण आहे?" विचारतं. दुसऱ्यात तुम्ही सपशेल फेल आहात, तरी गेम पुढे गेलाच ना. माझ्या टेबलवर "काहीच झालं नाही" हे वाक्य मी जवळजवळ वापरतच नाही, आणि तुम्ही एक-दोन सेशन ते वाक्य तोंडून न काढायचं ठरवून बघा, आपोआप रोल कमी होतील, कारण प्रत्येक रोलला फेल झाल्यावर काय हे सुचवावं लागतं आणि नाही सुचलं की कळतं की इथे रोलची गरजच नव्हती.

अजून एक, फेल झालं म्हणजे कॅरेक्टर मूर्ख दिसलं पाहिजे असं नाही. पट्टीचा चोर आहे, त्याला ४ आले, तर "तुझ्या हातून अवजार पडलं, हाहा" असं करू नका. कुलूपच गंजलेलं निघालं, किंवा आतून अडसर आहे, किंवा नेमका आज पहारेकरी लवकर आला. दोष जगाला द्या, कॅरेक्टरला नको. प्लेयरने सहा महिने ते कॅरेक्टर भारी आहे असं मनात धरून खेळलेलं असतं आणि तुम्ही एका डाइसवर त्याचा विदूषक करता, मग पुढच्या वेळी तो जोखीम घ्यायलाच घाबरतो.

आता "परसेप्शन टाकू का?"वाल्यांकडे येऊ. ही सवय प्लेयरची वाटते पण लावलेली आपणच असते. आपण खोलीचं वर्णन करतो, "एक टेबल आहे, खिडकी आहे", आणि त्यांना माहीत असतं की खरी माल-मसाल्याची माहिती रोल टाकल्याशिवाय मिळत नाही, मग ते का नाही विचारणार. दोन गोष्टी करा. एक म्हणजे जे डोळ्यांना सरळ दिसतं ते सगळं फुकट द्या, हात आखडता घेऊ नका. दुसरं, प्लेयरने स्किलचं नाव घेतलं की नाव बाजूला ठेवून विचारा की कॅरेक्टर नक्की काय करतंय आणि त्यातून त्याला काय हवंय. असं काहीसं होतं:

"मी इन्व्हेस्टिगेशन टाकू?"
"टाकशील, पण आधी सांग तू करतोयस काय?"
"अं, टेबल बघतोय."
"वरवर नजर टाकतोयस की खण बाहेर काढून?"
"खण बाहेर काढतो, उलटा करून खालून बघतो."
"खणाच्या खालच्या बाजूला मेणाने एक किल्ली चिकटवलेली आहे."

रोल नाही. किल्ली तिथे होती, त्याने बरोबर तिथेच हात घातला, मग डाइस कशाला मध्ये. आणि हा जो आनंद आहे ना, की आपण विचार केला म्हणून सापडलं, तो १७ आले म्हणून सापडलं ह्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. उलट तो म्हणाला असता की "घाईघाईत सगळी खोली चाळतो, पहारेकरी यायच्या आत" तर रोल मागितला असता, कारण घाई आहे आणि काही सुटू शकतं. प्लेयर काय करतो ते सांगणार, रोल लागतो का आणि कुठल्या स्किलचा ते तुम्ही ठरवणार, ही वाटणी पहिल्या दिवशीच सांगून टाका. थोडी कुरकुर होते, मग सवय होते. एक मात्र सांभाळा, ह्याचा अतिरेक करून प्लेयरकडून कुलूप उघडायची तांत्रिक माहिती मागू नका. त्या माणसाला ते येत नसणारच, त्याच्या कॅरेक्टरला येतं, त्यासाठीच तर कॅरेक्टर शीटवर आकडा लिहिलाय. "अवजारं घालून उघडतो" एवढं पुरे.

हे झालं की मग येतो आकड्यांचा खेळ, आणि माझ्या मते खरी गोची इथे आहे. एकाला चान्स ३० टक्के आहे धरा, म्हणजे मॉडिफायर (डाइसच्या आकड्यात मिळवायचा कॅरेक्टरचा आकडा) शून्य आणि डीसी १५. तो फेल झाला. मग दुसरा "मी पण", तिसरी "मी पण", चौथा "मी पण". चौघांनी टाकलं की कोणीतरी एक पास व्हायचा चान्स होतो ७६ टक्के. तुम्ही मनात अवघड काम ठरवलं होतंत आणि टेबलने ते सोपं करून टाकलं, चार तिकिटं काढली की लॉटरी लागायचा चान्स वाढणारच. पाच जण असतील तर ८३ टक्के. ह्याच्यावर डीसी वाढवणं हा उपाय नव्हे, कारण मग जो एकटा खरोखर त्या स्किलमध्ये चांगला आहे त्याचं नुकसान होतं आणि गर्दी करणाऱ्यांना त्या मानाने कमी फरक पडतो.

मी काय करतो, तर एका कामाला पार्टीचा, म्हणजे सगळ्या कॅरेक्टरच्या टोळीचा, एकच रोल. कोण करतंय ते त्यांनी आधी ठरवायचं, दुसरा कोणी खरोखर मदत करू शकत असेल आणि कशी ते सांगू शकत असेल तर अ‍ॅडव्हांटेज द्यायचा, म्हणजे दोन डाइस टाकून मोठा घ्यायचा, आणि जे येईल तो सगळ्यांचा निकाल. ५५ टक्के चान्स अ‍ॅडव्हांटेजने साधारण ८० वर जातो, म्हणजे मदतीला भरपूर किंमत आहे, फक्त रांग लावता येत नाही. निकाल लागल्यावर परिस्थितीत काही खरा बदल होत नाही तोवर तो निकाल तसाच. बर्निंग व्हील नावाच्या गेममध्ये हाच नियम लेट इट राइड नावाने आहे आणि तो कुठल्याही गेममध्ये बिनदिक्कत उचलून आणावा असा आहे. "पण मी बार्बेरियन आहे, मी दार फोडतो" हे चालतं, कारण ते वेगळं काम आहे, त्याचा आवाजही वेगळा आणि परिणामही वेगळा.

माहितीच्या स्किलमध्ये, म्हणजे हिस्ट्री, अर्काना (जादूचं ज्ञान), रिलिजन वगैरे, ही "मी पण"ची साथ सगळ्यात जास्त असते आणि तिथे सगळ्यात विचित्र निकाल येतात. आयुष्यभर पुस्तकात डोकं घालून बसलेल्या विझार्डला ३ येतात आणि अक्षरओळख नसलेला फायटर १९ टाकून जुन्या राजवंशाचा इतिहास सांगतो. एकदा हसू येतं, सारखं झालं की विझार्डवाला प्लेयर कंटाळतो. मी तिथे बऱ्याचदा रोल मागतच नाही, ज्याची त्या स्किलमध्ये प्रोफिशियन्सी, म्हणजे खास तयारी, आहे त्याला सरळ सांगतो, "तुला हे चिन्ह माहीत आहे, हा अमुक पंथ", आणि रोल मागितलाच तर फक्त त्यालाच, आणि तोही वरच्या जादा माहितीसाठी.

आता ह्याच्या बरोब्बर उलटा प्रकार, स्टेल्थ. तिथे गर्दी केली की काम सोपं व्हायच्या ऐवजी अशक्य होतं. चौघं आहेत, प्रत्येकाला ६० टक्के चान्स आहे, जो म्हटलं तर बरा आहे. पण तुम्ही नियम लावलात की एक जरी फेल झाला तरी सगळे पकडले, तर चौघंही पास व्हायचा चान्स फक्त १३ टक्के. आणि त्यात एखादा जड चिलखतवाला असला, ज्याला डिसअ‍ॅडव्हांटेज आहे, म्हणजे दोन डाइस टाकून लहान घ्यायचा, तर विषयच संपला. म्हणून तुमची पार्टी दर वेळी पकडली जाते, ते खराब खेळत नाहीयेत, गणितच त्यांच्या विरुद्ध आहे. पाचव्या एडिशनमध्ये ह्याला ग्रुप चेक आहे, सगळ्यांनी टाकायचं आणि निम्मे किंवा जास्त पास झाले तर सगळी पार्टी पास. तेच चौघं, तेच ६० टक्के, आता पार्टी निसटायचा चान्स ८२ टक्के. १३ आणि ८२, डीसी तोच, कॅरेक्टर तीच. आता सांगा डीसीवर किती वेळ घालवायचा.

ग्रुप चेक सांगताना गोष्टीतही आणा, नाहीतर ते कोरडं वाटतं. "चिलखताची कडी वाजली, पण तेवढ्यात चोराने पटकन तिच्यावर घोंगडं टाकलं, सगळे श्वास रोखून थांबले, पहारेकरी पुढे गेला." जो पास झाला त्याने फेल झालेल्याला सांभाळलं, असं सांगितलं की दोघांनाही बरं वाटतं.

आणि हाच घोटाळा एकाच माणसाच्या बाबतीत पण होतो, वेळेमध्ये. भिंत चढायची आहे, तुम्ही म्हणता खाली एक रोल, मध्ये एक, वर पोचताना एक. प्रत्येक वेळी ७० टक्के चान्स, ऐकायला मस्त. तिन्ही पास व्हायचा चान्स ३४ टक्के. तुम्हाला वाटत होतं थरार वाढवतोय, प्रत्यक्षात तुम्ही सोपी भिंत अवघड केलीत आणि प्लेयरला तसं सांगितलंही नाहीत. एक भिंत, एक रोल. मध्ये खरंच नवीन काही घडलं, म्हणजे वरून बाण आला वगैरे, तर दुसरा.

बरं, तक्ता. ५ अगदी सोपं, १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड, २५ फार अवघड, ३० जवळजवळ अशक्य. पुस्तकात हे असंच आहे, पण शब्दांवर जाऊ नका, "मध्यम" म्हटलं की वाटतं कोणालाही जमेल, आणि मॉडिफायर शून्य असलेल्याला १५ म्हणजे फक्त ३० टक्के. +५ वाल्याला ५५. तेच २० ला शून्यवाल्याला ५ टक्के आणि +५ वाल्याला ३०. सुरुवातीच्या लेव्हलला मी डोळे झाकून १० आणि १५ मध्येच राहतो, २० क्वचित. आणि आकडा आधी ठरवायचा, रोल पडल्यावर नाही. डाइसवर १४ बघून "हं... १५ लागत होते" असं म्हणणारा जीएम प्लेयरना पहिल्याच महिन्यात ओळखू येतो.

डीसी प्लेयरच्या लेव्हलप्रमाणे वाढवू नका, ही फार लोकांची सवय आहे. पहिल्या लेव्हलला जी भिंत १५ होती ती दहाव्या लेव्हलला पण १५ च, नाहीतर तो प्लेयर इतके दिवस आकडे वाढवत कशासाठी बसला होता? मॉडिफायर +११ झाल्यावर त्याला १ आला तरी १२ होतात, तर त्याला १० च्या कामाला रोलच मागू नका, "तू सहज चढून गेलास" म्हणा आणि त्याला मिरवू द्या. नवीन अवघड गोष्टी आणायच्या असतील तर खरोखर वेगळी भिंत आणा, काचेसारखी गुळगुळीत, पाऊस पडतोय अशी.

एक गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली पण फार उपयोगाची आहे, ती म्हणजे किती अवघड आणि किती धोक्याचं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लेड्स इन द डार्क ह्या २०१७ च्या गेममध्ये ते उघडच वेगळं केलंय, तिथे प्रत्येक रोलच्या आधी जीएम सांगतो की तुमची स्थिती किती नाजूक आहे आणि जमलं तर किती जमेल. डीअँडडीमध्ये आपण दोन्ही डीसीमध्ये कोंबतो. दरीवर फळी टाकलीय, चांगली रुंद आहे, चालायला सोपी, डीसी १० सुद्धा पुष्कळ, पण पडलात तर मेलात. आणि दुसरीकडे जुन्या लिपीतला शिलालेख, डीसी २०, पण नाही वाचता आला तर आभाळ कोसळत नाही. नवीन जीएम फळीला घाबरून डीसी २० करतो, आणि मग एक बिचारा खरंच पडतो. धोका दाखवायचा असेल तर परिणाम सांगा, डीसी नका वाढवू.

डीसी प्लेयरना सांगावा का ह्यावर वाद आहेत, मी सांगतो. कॅरेक्टर भिंतीसमोर उभं आहे, त्याला डोळे आहेत, ही जमण्यासारखी आहे की नाही हे त्याला दिसतंय, मग प्लेयरला का नको कळायला. शिवाय आकडा उघड असला की डाइस घरंगळत असतानाच सगळे ओरडतात, तुमच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. अपवाद समोरचा माणूस खोटं बोलतोय का वगैरे, तिथे आकडा सांगितला की उत्तरच सांगितल्यासारखं होतं.

त्यावरून लपवून टाकायच्या रोलचं सांगतो. प्लेयरने परसेप्शन टाकला, ३ आले, तुम्ही म्हणालात "काही दिसत नाही", आणि सगळं टेबल म्हणतं "म्हणजे नक्की काहीतरी आहे". पाथफाइंडर नावाच्या गेमच्या दुसऱ्या एडिशनने ह्यावर सीक्रेट चेक काढलेत, जीएम गुपचूप टाकतो. चालतं ते, पण मला प्लेयरच्या हातातून डाइस काढून घ्यायला आवडत नाही. मी पॅसिव्ह स्कोअर वापरतो, १० अधिक मॉडिफायर, सगळ्यांचे एका कागदावर लिहून ठेवलेले, सापळा १४ चा असेल आणि पुढे चालणाऱ्याचा पॅसिव्ह १५ असेल तर त्याला दिसला, बस. आणि जिथे रोल हवाच असतो तिथे तो लवकर मागत नाही, धोका अंगावर आल्यावर मागतो. "पायाखालची फरशी दबली, काय करतोस?" आता ३ आले तरी लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

क्लूचं मात्र कडक सांगतो. गोष्ट पुढे जायला जी माहिती लागणारच आहे ती रोलच्या मागे कुलूपबंद करायची नाही. तपासाच्या गेमसाठी २००७ साली आलेल्या गमशू सिस्टिममध्ये मूळ नियमच हा आहे, योग्य स्किल असलेला माणूस योग्य जागी शोधत असेल तर मुख्य क्लू मिळतोच, रोल नाही. तुमच्या गेममध्ये रोल ठेवायचाच असेल तर तो क्लू मिळतो का ह्यावर नको, किती वेळात मिळतो, कोणाच्या लक्षात येतं, सोबत अजून काय कळतं ह्यावर ठेवा. चिठ्ठी सापडलीच. पास झालात तर ती परत जागेवर ठेवता आली, फेल झालात तर सील फाटलं आणि उद्या मालकाला कळणार की कोणीतरी हात लावलाय.

परत ट्राय करायचंच असेल तर कॉल ऑफ थुलू ह्या गेमच्या सातव्या एडिशनमधला पुश नावाचा नियम बघा, मला तो फार आवडतो. फेल झालेला रोल प्लेयर पुन्हा टाकू शकतो, पण काहीतरी वेगळं किंवा जास्त करतोय हे त्याने सांगायचं, आणि ह्या वेळी फेल झालं तर काय वाईट होईल ते जीएम आधी सूचित करतो. "मी जोर लावून अवजार पिळतो." "चालेल, पण आता तुटलं तर तुकडा कुलपातच अडकेल आणि मग किल्लीने पण उघडणार नाही." मग तो खरंच विचार करतो. अर्ध्या वेळा डाइस खाली ठेवतो आणि दुसरा रस्ता शोधतो, तेही छानच. तुमच्या टेबलवर "परत टाकू का?" हा प्रश्न आला की सरळ हेच करा.

बोलाचालीचे रोल, पर्स्वेजन (पटवणं), डिसेप्शन (फसवणं), ह्यात दोन टोकं दिसतात. एक म्हणजे प्लेयर म्हणतो "पर्स्वेजन, २२" आणि जीएम म्हणतो "बरं, पटलं त्याला", कोण काय बोललं कोणालाच माहीत नाही. दुसरं म्हणजे जो प्लेयर मुळात बोलका आहे तोच प्रत्येक वेळी नाटक करून जिंकतो आणि जी लाजरी मुलगी बार्ड, म्हणजे बोलण्यात पटाईत गवई कॅरेक्टर, घेऊन बसलीय तिचे आकडे वाया जातात. मला अभिनय नको असतो, मुद्दा हवा असतो. "मी त्याला आठवण करून देते की मागच्या वेळी त्याच्या भावाला आम्ही सोडवलं होतं" हे तिसऱ्या पुरुषात, सपाट आवाजात सांगितलं तरी चालेल, ह्याने डीसी खाली येतो किंवा अ‍ॅडव्हांटेज मिळतो किंवा रोलच लागत नाही. मग किती गोड बोलली हे डाइस ठरवतो. आणि समोरच्या माणसाला काय हवंय आणि कशाची भीती आहे हे तुमच्याकडे आधी लिहिलेलं पाहिजे, एका ओळीत पुरे, नाहीतर तुम्हाला पण कळत नाही कुठला मुद्दा त्याला लागेल. एका प्लेयरने दुसऱ्या प्लेयरच्या कॅरेक्टरवर पर्स्वेजन टाकायचं तर माझ्याकडे सरळ बंद आहे. त्याच्या कॅरेक्टरला पटलं का ते तो ठरवेल.

नॅचरल २०, म्हणजे डाइसवरच २० येणं, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या नियमात २० आले की आपोआप पास हे हल्ल्याला आहे, स्किल चेकला नाही. आणि त्याचं कारण साधं आहे, २० येणं म्हणजे ५ टक्के, दर वीस रोलमागे साधारण एकदा, एका सेशनमध्ये दोन-तीनदा सहज. "मी राजाला सांगतो की तुझा मुकुट मला दे", तुम्ही म्हणालात "हाहा, टाक", आले २०, आता सगळे तुमच्याकडे बघतायत. चूक २० ची नाही, रोल मागितला तिथेच गडबड झाली, जे होणारच नाही त्याला रोल मागायचा नाही. किंवा मागायचा तर आधी सांगा की पणाला काय आहे: "मुकुट मिळणार नाही, पण पास झालास तर राजा हसेल आणि विषय सोडून देईल, फेल झालास तर तुरुंग." तसंच १ चं. १ आला की तलवार स्वतःच्याच पायावर, दोर तुटला, असले घरगुती नियम लावलेत तर तुमचे निष्णात लोक दर वीस वेळातून एकदा सर्कस करणार, तेवढं कोण निष्णात करत नाही.

मोठी कामं, म्हणजे अख्खी किल्ल्यात घुसखोरी किंवा वादळातून जहाज काढणं, ह्याला एक रोल कमी वाटतो आणि वर म्हटल्याप्रमाणे एकामागून एक सगळे पास व्हायलाच हवेत अशी साखळी लावली तर कोणीच पोचत नाही. २००८ च्या चौथ्या एडिशनने ह्यासाठी स्किल चॅलेंज आणले, तीन फेल व्हायच्या आत ठरावीक पास गोळा करायचे. कल्पना चांगली होती, पण टेबलवर तिचं बऱ्याचदा हजेरीपट व्हायचं, ज्याचं जे मोठं स्किल तो तेच टाकणार, "अ‍ॅथलेटिक्स, पास, पुढचा". मला ब्लेड्सचं घड्याळ जास्त सोपं वाटतं. कागदावर एक गोल काढायचा, सहा फाका, नाव द्यायचं "किल्ला सावध झाला". कोणी फेल झालं की एक फाक भरायची, फार मोठी गडबड केली तर दोन. गोल सगळ्यांसमोर ठेवायचा. मग एक रोल फेल झाला म्हणून सगळं संपत नाही, पण चार फाका भरल्या की प्लेयर आपोआप दबक्या आवाजात बोलायला लागतात. आणि फेल झाल्यावर काय करू हे तुम्हाला सुचत नसेल तेव्हा फाक भरा, त्यासाठी तर मी ते कायम जवळ ठेवतो.

पुढच्या सेशनला हे सगळं एकदम करू नका, प्लेयर गोंधळतील. पहिल्यांदा एक काम एक रोल, आणि रोलच्या आधी पणाला काय ते सांगणं, एवढ्या दोन गोष्टी. ग्रुप चेक स्टेल्थ आला की वापराच. घड्याळ वगैरे नंतर. आणि तुमच्यातला एखादा न विचारताच डाइस टाकून "१८! काय दिसलं?" करणारा असेलच, प्रत्येक टेबलला एक असतो, त्याला रागवू नका, फक्त शांतपणे म्हणायचं की हा मोजला नाही, आधी सांग तू काय करतोयस, आणि मग रोल लागला तर परत टाकायला लावायचा. तीन-चार १८ असे वाया गेले की तो स्वतःच थांबतो.